बाणासह की बाणाविना?

पोलंडमधल्या क्राकूवच्या मुख्य चौकात दर तासाला माना वर होतात. सेंट मेरी चर्चच्या दोन मनोऱ्यांपैकी उंच मनोऱ्यातली एक लहान खिडकी उघडते, तुतारीचं तोंड बाहेर येतं आणि एक छोटीशी धून सुरू होते. ती चढत जाते आणि पुरी न होता मधेच थांबते. मग दुसरी खिडकी, तिसरी, चौथी. चारही दिशांना तीच धून, तिथंच तुटलेली. दिवसा वाजते, मध्यरात्रीही वाजते, बर्फ पडत असतानाही वाजते. तिला इथं हेयनाऊ म्हणतात.

धून का तुटते, याची गोष्ट चौकातले गाइड सांगतात. १२४१ साली तातार, म्हणजे मंगोल, शहरावर चालून आले. मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना लांबून पाहिलं आणि तुतारी फुंकली. वेशी बंद झाल्या, शहर वाचलं, पण त्याच्या गळ्यात बाण घुसला. सूर जिथं थांबला, तिथंच तो आजही थांबवतात.

मी या शहरात नोकरी करतो आणि ही गोष्ट मला मनापासून आवडते. माझी आत्या कोल्हापूरची, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेली. तिला ती अजिबात आवडत नाही. मनोऱ्याचा जिना चढताना आणि नंतर शहरभर फिरताना आमच्यात जे बोलणं झालं, त्यातलं आठवेल तेवढं इथं देतो. अशा वास्तूकडे बघावं कसं, हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक गडावरही उभा राहतो.

“शहर वाचलं म्हणे!” पहिल्याच वळणावर आत्या थांबली. “अरे, १२४१च्या मार्चमध्ये पोलिश सैन्य हरलं आणि तातारांनी क्राकूव जाळलं. ग्रोद्झ्का रस्त्यावरचं सेंट अँड्र्यूचं चर्च तेवढं टिकलं. काल दाखवलंस की मला, किल्ल्यासारख्या जाड भिंतींचं. आणि हा मनोरा? त्या वेळी या जागेवर १२२०च्या दशकातलं जुनं चर्च होतं, तेही हल्ल्यात गेलं. आत्ताचं विटांचं चर्च उभं राहिलं ते चौदाव्या शतकात. आपण ज्या अष्टकोनी भागाकडे चाललोय, तो तर पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा. बाण लागायला पहारेकरी होता असं धरलं, तरी त्याच्या पायाखाली हा मनोरा नव्हता.”

“आधीच्या चर्चला एखादा मनोरा असेल ना.”

“असेल की. पण खालचा चौकसुद्धा नव्हता. नव्या शहराची सनद मिळाली १२५७ साली. दोनशे मीटर लांब, दोनशे मीटर रुंद असा चौक तेव्हा आखला. चर्च त्या चौकाला सरळ नाही, तिरकं उभं आहे, हे तुझ्या लक्षात आलंय का? चर्चची जागा आधीची आणि चौक नंतरचा, म्हणून ते तिरकं. मुलांना हे दाखवावं. एक तिरकी भिंत बघून शहराचं वय सांगता येतं, यासारखी गंमत नाही. पण त्यांना बाण सांगितला की भिंतीकडे कोण बघणार?”

जिना आधी दगडी आणि खूप अरुंद आहे. पुढे पोकळ मनोऱ्याच्या भिंतींना धरून लाकडी पायऱ्या वर जातात. सगळ्या मिळून अडीचशेच्या आसपास. आत्या कठडा धरून हळूहळू चढत होती, पण बोलणं थांबवत नव्हती.

“बरं, ही गोष्ट आली कुठून, ते तरी सांग,” ती म्हणाली. आपल्याला आधीच ठाऊक असलेलं उत्तर विद्यार्थ्याकडून काढून घ्यायची तिची जुनी सवय आहे.

“एरिक केलीकडून. तो अमेरिकन होता, १९२०च्या दशकात इथं येऊन राहिला होता. त्यानं मुलांसाठी ‘द ट्रम्पिटर ऑफ क्राकूव’ ही कादंबरी लिहिली. ती आली १९२८ साली, आणि पुढच्या वर्षी तिला अमेरिकेतलं न्यूबेरी पदक मिळालं. बाण आणि तुटलेला सूर यांची सांगड त्या पुस्तकातून पसरली, असं बहुतेक अभ्यासक मानतात.”

“म्हणजे सातशे वर्षांपूर्वीची म्हणून सांगतात ती आठवण शंभर वर्षांचीही नाही. तुला हे माहीत आहे आणि तरी तू पाहुण्यांना बाणच सांगतोस?”

“सांगतो. कारण त्या शंभर वर्षांत तिच्यावर जे घडलं, ते खोटं नाही. १९२७पासून पोलिश रेडिओ दुपारी बाराचा हेयनाऊ देशभर ऐकवतो. १८ मे १९४४ला इटलीत माँटे कॅसिनोच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश सैनिक पोहोचले, तेव्हा एमिल चेक नावाच्या सैनिकानं तिथं हीच धून वाजवली. देश नकाशावर दुसऱ्यांच्या ताब्यात, घर कुठं उरलंय ठाऊक नाही, आणि डोंगरावर ही अर्धी धून. त्या वेळी तिथल्या माणसांना ती नुसती शहराची वेळ सांगणारी धून वाटली असेल का गं?”

“नसेल वाटली,” आत्या म्हणाली. “पण त्यांना रडू आलं ते घराच्या आठवणीनं. लहानपणापासून रोज दुपारी कानावर पडलेला आवाज होता तो. तो सूर बाणानं तुटला की आणखी कशानं, याचा तिथं काय संबंध?”

मला वाटतं, संबंध आहे. मी तिला तसं सांगितलं. पुरी झालेली धून माणूस ऐकतो आणि पुढे जातो. तुटलेली धून विचारायला लावते, की मग काय झालं? ज्यांचं स्वतःचं आयुष्य मधेच तुटलंय, त्यांना त्या प्रश्नात जागा मिळते. १३९२च्या कागदात कोणाला अशी जागा मिळणार?

१३९२चा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण ते आत्याचं आवडतं साल. मनोऱ्यावरच्या तुतारीची शहराच्या कागदपत्रांतली सर्वांत जुनी नोंद त्या सालची आहे. ती वाचून ती इतकी खूश झाली होती, की कोल्हापूरहून निघण्याआधी मला फोनवर सांगितलं होतं.

“त्या कागदाला कमी लेखू नकोस,” ती म्हणाली. “हा मनोरा चर्चचा, पण सांभाळायचं शहर. टेहळणीसाठी. वर बसणाऱ्यानं काय करायचं? पहाटे वेशी उघडायची खूण द्यायची, संध्याकाळी बंद करायची. शत्रू दिसला तर ओरडायचं. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे आग बघायची. लाकडी घरं, चुली, मेणबत्त्या, अरुंद गल्ल्या. शत्रू येणार एखाद्या पिढीत एकदा, आग मात्र कुठल्याही रात्री. युरोपातल्या अशा मनोऱ्यांवरून आग दिसली की तिच्या दिशेला दिवसा झेंडा लावत आणि रात्री कंदील, म्हणजे खालच्यांना कळावं कुठं धावायचं. हे काम कोणीतरी शतकानुशतकं केलं. त्यातल्या एकालाही बाण लागला नाही. सर्दी झाली असेल, झोप अनावर झाली असेल, घरी आजारी बायको असेल. तरी तो वर चढला. त्याची गोष्ट तुझ्या बाणानं झाकून टाकली.”

“पण अशा माणसाची गोष्ट सांगायची कशी? रोज चढला, रोज उतरला. गोष्ट व्हायला काहीतरी घडावं लागतं.”

“घडलं की. १८ जुलै १८५० बघ. शहराचा केवढा भाग जळाला त्या दिवशी! डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन, दोन्ही मोठी चर्चेस आगीत सापडली. पहारेकरी असूनही शहर जळतं, हेही सांगावं लागतं. त्यानंतरच्या पिढीनं, १८७३ साली, पगारी अग्निशमन दल उभं केलं. मला तरी हे बाणापेक्षा मोठं वाटतं.”

जमिनीपासून सुमारे चोपन्न मीटरवर तुतारीवाल्यांची खोली आहे. कामावरच्या दोघांची तिथंच बसण्या-झोपण्याची सोय असते. पाळी चोवीस तासांची, आणि दोघं आलटून पालटून वाजवतात. ते सरकारी अग्निशमन दलाचे कर्मचारी आहेत, नुसते वादक नव्हेत. खिडक्यांतून शहर चारी बाजूंनी दिसतं. दक्षिणेला वावेल टेकडीवर राजवाडा आणि कॅथेड्रल, खाली कापडबाजाराची लांबलचक इमारत, उत्तरेला फ्लोरियान वेस. आम्ही पोहोचलो तेव्हा तास भरत आला होता. टोल पडले, त्यांच्यातल्या एकानं तुतारी उचलली आणि एकेक खिडकी उघडत गेला. इतक्या जवळून तो आवाज कानावर येत नाही, छातीवर येतो.

खाली उतरताना मी तिला चार खिडक्यांचा संकेत सांगितला. पहिली धून वावेलच्या दिशेला, राजासाठी. दुसरी नगरभवनाकडे, महापौरासाठी. तिसरी फ्लोरियान वेशीकडे, बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. चौथी लहान चौकाच्या बाजूला, अग्निशमन दलाच्या प्रमुखासाठी.

“बघ आता,” आत्या लगेच म्हणाली. “सोळावं शतक संपताना राजा वॉर्सॉला जायला निघाला तो गेलाच. नगरभवन १८२० साली पाडलं, त्याचा नुसता मनोरा उरलाय. वेशीच्या दोन्ही बाजूंचा तटही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उतरवला, तिथं आता तुमची ती प्लांतीची बाग आहे. फ्लोरियान वेस, तिच्यापुढचा बार्बिकन हा किल्ला आणि तटाचा थोडा तुकडा राहिला, तोही फेलिक्स राद्वान्स्की नावाच्या प्राध्यापकानं हट्ट धरला म्हणून. मग चौघांत खरा कोण उरला? आगवाला. आणि तोच या तुतारीवाल्याला पगार देतो. मध्ययुगातल्या कामाचा धागा आजही दिसतो, तो या चौथ्या खिडकीत. मी गाइड असते तर लोकांना आधी तीच दाखवली असती.”

हे मला सुचलं नव्हतं. तिचं निरीक्षण फार सुंदर आहे, आणि तेव्हापासून धून ऐकताना मी चौथ्या खिडकीची वाट बघतो. तरी माझा मुद्दा तिथं संपत नव्हता.

“आत्या, तू हिरकणी शिकवलीस ना?”

“शिकवली.”

“रायगडावरचा तो बुरूज. गडाचे दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती गवळण कडा उतरून गेली, आणि महाराजांनी तिथं बुरूज बांधून तिचं नाव दिलं. त्याचा कागद आहे तुझ्याकडे?”

“नाही. म्हणून मी ‘असं सांगतात’ म्हणून शिकवली. घोरपडीची गोष्ट तर मी सांगायचीच सोडली. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री माणसं दोर लावून सिंहगडाचा कडा चढली, तानाजी पडले, गड आला. यात घोरपड कशाला हवी? मुलं हिरमुसायची, मला ठाऊक आहे. पण मग मी त्यांना विचारायची, अंधारात कडा चढताना पहिला हात कुठं लावाल? दोर कुणाच्या कमरेला? वर कोणी जागं असेल तर? तासभर पुरायचं ते.”

“पण हिरकणी सोडली नाहीस.”

ती थोडी थांबली. “नाही सोडली. कारण त्या गोष्टीत गडाचा नियम खरा आहे. संध्याकाळी दरवाजे बंद झाले की कोणासाठी उघडायचे नाहीत. गडावर दूध घेऊन येणारी बाई खरी आहे. खाली तिचं घर खरं आहे. गोष्टीनं त्या बाईला नाव दिलं.”

“मग माझ्या पहारेकऱ्याला बाणानं तेच दिलं! तो नाहीतर कुणाला आठवला असता? राजांची नावं आहेत, बिशपांची आहेत, या चर्चची वेदी कोरणाऱ्या वित स्त्वोशचं आहे. मनोऱ्यावर जागणाऱ्याचं नाव कोण लिहून ठेवतं? लोकांनी त्याला नाव दिलं नाही, पण मरण दिलं, आणि त्या मरणानं तो माणूस झाला.”

“इथंच आपलं जमत नाही,” आत्या म्हणाली. “मरण दिल्याशिवाय माणूस होत नाही का रे? हिरकणी जिवंत घरी पोहोचते.”

यावर मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही.

आम्ही फ्लोरियान्स्का रस्त्यानं बार्बिकनकडे चालत गेलो. गोल, विटांचा, सात टोकदार बुरुज्यांचा हा वेशीपुढचा किल्ला १४९८-९९ सालचा, म्हणजे तातारांच्या पहिल्या स्वारीनंतर अडीच शतकांनी उभारलेला. आत्याला तो बघायचा होता तो वेगळ्या कारणानं.

“तुम्हाला वीरकथाच हवी तर १२८७ची का घेत नाही?” ती म्हणाली. “तातार तिसऱ्यांदा आले. एव्हाना शहराला तट घालायला सुरुवात झाली होती. लेशेक द ब्लॅक, त्यांचा ड्यूक, मदत आणायला हंगेरीकडे निघून गेला, आणि शहर लढवलं ते नागरिकांनी. व्यापारी, कारागीर. तातारांना ते घेता आलं नाही, परत फिरावं लागलं. खरा वेढा, खरा तट, खरी माणसं आणि खरा विजय. चौकात एकही गाइड हे सांगत नाही. सगळे १२४१ सांगतात, ज्या साली शहर जळलं, आणि वर सांगतात की वाचलं.”

“कारण १२८७त सूर तुटत नाही.”

“म्हणजे तुला सूर हवाय, इतिहास नको.”

“मला दोन्ही हवं आहे. पण लोक मनोऱ्याखाली उभे राहतात ते सुरासाठी. ते थांबले, तर तू त्यांना १२८७ सांगशील. थांबलेच नाहीत, तर तिरकी भिंत कोणाला दाखवणार?”

बाकावर बसून तिनं पाणी प्यायलं आणि विषय वळिवड्याकडे नेला. कोल्हापूरच्या माणसाला पोलंडमध्ये तो आठवल्यावाचून राहत नाही. रशियाच्या छावण्यांतून जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्याबरोबर बाहेर पडलेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात आली, आणि १९४३ ते १९४८ या काळात त्यांतले सुमारे पाच हजार जण कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि वॉर्सॉत कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे. माँटे कॅसिनोला लढली ती माणसं याच अँडर्सच्या सैन्यातून आली होती.

“लहानपणी वळिवड्याला आम्ही खेळायचो,” आत्या म्हणाली. “तिथं कोण राहून गेलं, काही ठाऊक नव्हतं. मोठेपणी कळलं. त्यातल्या बहुतेकांची गावं पूर्वेकडची. युद्ध संपलं तेव्हा ती गावं पोलंडमध्ये राहिलीच नव्हती. परत जाणार कुठं? कोणी इंग्लंडला गेलं, कोणी आणखी कुठं. ही खरी तुटलेली धून. त्यांच्या बाबतीत काहीच रचावं लागत नाही.”

“मग मला सांग, त्या मुलांना कुणी बाणाची गोष्ट सांगितली असती, तर तू थांबवलं असतंस?”

“नसतं थांबवलं,” ती म्हणाली. “लहान मुलाला घराची आठवण येते तेव्हा कोणी तारखा तपासत नाही. पण तू काही घर सोडून आलेलं लहान मूल नाहीस. तू इथं राहतोस, रोज ऐकतोस, वाचू शकतोस. तुझ्याकडे वेळ आहे, पुस्तकं आहेत, मनोरा समोर उभा आहे. ज्याला खरं कळू शकतं, त्यानं तेच सांगावं असा माझा आग्रह आहे. बाकीच्यांना मी काही म्हणत नाही.”

“आणि मी दोन्ही सांगितलं तर? आधी बाण, मग १९२८, मग तुझं १३९२ आणि चौथी खिडकी?”

“आधी चौथी खिडकी.”

“त्यानं कोणी थांबणार नाही.”

“तू करून बघितलंस का?”

“नाही.”

“मग उद्या तुझे ते पुण्याचे मित्र येतायत ना? त्यांना घेऊन जा. चर्चची तिरकी भिंत दाखव, वर काय काम चालायचं ते सांग, १८५०ची आग सांग, चौघांपैकी कोण उरलं ते विचार. धून वाजू दे. ती तुटली की तेच विचारतील, असं का? मग सांग तुझा बाण, ‘असं सांगतात’ म्हणून. आणि १९२८सुद्धा सांग, गाळू नकोस.”

“आणि त्यांना त्यातला फक्त बाणच लक्षात राहिला तर?”

“तर परवा आपण पुन्हा भांडू,” आत्या म्हणाली आणि बार्बिकनची तिकिटं कुठं मिळतात ते बघायला उठली.